आकडेबाईंनी खिडकी बंद केली

एकोणीस वर्षं त्यांनी घरोघर फिरून विजेचे मीटर वाचले. वहीत आकडे लिहायचे, आणि कुणी तारेवर चोरून आकडा टाकला असेल तर तोही पकडायचा. म्हणून सगळी वस्ती त्यांना आकडेबाई म्हणे. मग प्रीपेड मीटर आले. आधी पैसे, मग वीज. वाचायला काही उरलं नाही, तेव्हा कंपनीनं त्यांना रिचार्जच्या खिडकीत बसवलं. पैसे घेऊन वीस अंकी नंबराची चिठ्ठी द्यायची. गिऱ्हाइकानं तो नंबर घरी जाऊन मीटरवर दाबायचा.

एका सोमवारी अकराच्या सुमाराला एक बाई रांग मोडून पुढे आली. कोंबडीची पिल्लं विकून घर चालवणारी. हातात सकाळचीच चिठ्ठी.

"ताई, चार वेळा दाबला, चूक म्हणतोय. आणखी एकदा चुकला तर मीटर दिवसभर लॉक होईल. उबवायच्या मशीनमध्ये अडीचशे अंडी आहेत, परवा फुटायची. सातपासून मशीन बंद आहे. वर रजया टाकून आलेय."

"मग आम्ही काय इथे माश्या मारतोय?" मागून कुणीतरी म्हणालं.

आकडेबाईंनी चिठ्ठी पाहिली. "मीटर बदललाय का?"

"मागच्या आठवड्यात. जळाला होता."

घोळ तिथंच होता. वायरमननं नवा मीटर बसवला, पण ऑफिसात नोंद केलीच नाही. चिठ्ठी जुन्या मीटरची निघत होती, आणि नव्याचा क्रमांक बाईला पाठ नव्हता.

आकडेबाई उठल्या. आतून साहेब आले. "खिडकी बंद केलीत तर मेमो देईन."

"द्या. परत आल्यावर सही करते."

बोलल्या खऱ्या, पण निवृत्तीला चौदा महिने उरलेले आणि नोकरीत आजवर एक डाग नाही. तरी बाईला मागे बसवून त्यांनी स्कूटर काढली.

बाईच्या शेडमध्ये मशीनच्या तापमानाचा काटा सदतीसवरून एकतीसवर आला होता. बाईनं एक अंडं कानाला लावलं. "हालतंय अजून."

आकडेबाईंनी नव्या मीटरचा क्रमांक साहेबांना फोनवर दोनदा सांगितला. पलीकडून नुसता कीबोर्डचा आवाज.

"साहेब, ऐकताय ना?"

"नोंद करतोय," साहेब तुटकपणे म्हणाले. सात मिनिटांनी त्यांनी वीस अंक सांगितले. आकडेबाईंनी ते तळहातावर लिहिले.

"तुम्हीच दाबा, ताई. मला नाही जमायचं."

अकरा अंक झाले आणि बोट थांबलं. बारावा एक की सात? घामानं शाई पसरली होती. अंदाजानं दाबायचा धीर होईना. पुन्हा फोन लावला.

"सात," साहेब म्हणाले.

वीस अंक पुरे झाले. मीटरवर हिरवा दिवा लागला आणि मशीनचा पंखा घुमू लागला. बाईनं मशीनवरच्या रजया काढल्या.

गुरुवारी ती खिडकीशी आली, या वेळी रांगेतून. "एकशे त्रेसष्ट निघाली. बाकीची गेली."

मेमो आला होताच. आकडेबाईंनी सही केली. खुलाशात मात्र त्यांनी माफी मागितली नाही. तीन दिवस रांगेतल्या प्रत्येकाला विचारून, मीटर बदलला पण नोंद नाही अशा घरांची यादी त्यांनी काढली होती, तीच जोडली. एकतीस घरं. साहेबांनी ती उभ्यानंच वाचली आणि वायरमनला बोलावणं धाडलं.