गव्हाणची चिठ्ठी

आज दुपारी माळ्यावर ठेवायला म्हणून चिनीमातीची ती बरणी हातात घेतली आणि सवयीनं झाकण उचललं. मोहरी, हिंग, मेथी आणि त्याखाली दबलेला जुन्या कागदाचा कोरडा, गोडसर वास. या बरणीत लोणचं घातल्याला तीस वर्षं होऊन गेली. काठाचा टवका उडाला तेव्हाच ती लोणच्यातून निवृत्त झाली. पण वास काही जात नाही. मी तो भरभरून घेतला आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, भर मे महिन्यात, बाल्कनीत एकटी उभी असताना माझ्या छातीत शनिवार संध्याकाळ धडधडायला लागली.

शनिवार संध्याकाळ म्हणजे काय, ते सांगायला हवं. आम्ही सुकापूरला राहायला आलो तेव्हा आमच्या इमारतीच्या मागे भातखाचरं होती आणि उन्हाळ्यात त्या भेगाळलेल्या जमिनीवर मुलं क्रिकेट खेळायची. लेक सात वर्षांची. सुट्टी लागली की तिचा एकच प्रश्न, "आज काय करायचं?" तेव्हा यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ही युक्ती काढली. सुट्टीच्या पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकानं आपल्या मनातल्या चार गोष्टी चार चिठ्ठ्यांवर लिहायच्या, घडी घालून बरणीत टाकायच्या. दर शनिवारी दिवेलागणीला एक चिठ्ठी काढायची आणि जे निघेल ते रविवारी तिघांनी मिळून करायचं. चिठ्ठी काढायचा मान सर्वांत लहान माणसाचा. निघाली की माघार नाही.

काय रविवार होते ते! गच्चीत पाण्याचं पिंप भरून त्यात बसणं. वडाळे तलावावर भल्या सकाळी जाऊन बगळे मोजणं, आणि बगळे उडाले की पुन्हा पहिल्यापासून मोजणं. डोंगरातून डोक्यावर पाटी घेऊन उतरणाऱ्या बाईकडून द्रोणभर करवंदं घेऊन पायरीवर बसायचं आणि दातानं फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. त्यावर बापलेकीची भांडणं. एकदा तर पूर्ण रविवार घरात उलटं बोलायचं, अशी चिठ्ठी निघाली आणि दूधवाल्यानं आमच्याकडे चिंतेनं पाहिलं. चिठ्ठी काढायच्या आधी हे पितळेच्या डब्यावर बोटांनी ताशा वाजवत. लेक डोळे मिटून बरणीत कोपरापर्यंत हात घाली. रात्री तिच्या बोटांना लोणच्याचा वास येई.

हे सगळं मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. लोक म्हणतात, किती छान घर तुमचं. पुढचं मात्र कुणालाच सांगितलं नव्हतं.

यांच्या कारखान्यात गव्हाणचे एक सहकारी होते. खाडीकाठी घर, स्वतःची होडी. आमच्याकडे आले की लेकीला समोर बसवून भरती-ओहोटीच्या गोष्टी सांगत आणि निघताना मला म्हणत, "वयनी, पोरीला घेऊन तुमी या तरी. होडीत बसवतो. बुडवत नाय!" लेकीचे डोळे होडीएवढे होत. पहिल्याच वर्षी तिनं जांभळ्या स्केचपेननं चिठ्ठी लिहिली, "गव्हाणला होडीत बसायचं." त्यातला ण उलटा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. सात वर्षं, सात चिठ्ठ्या. अक्षर सुधारत गेलं, ण सुलटा झाला, मागणं तेच राहिलं.

ती चिठ्ठी कधीच निघाली नाही. कशी निघेल? दर शनिवारी दुपारी, लेक खाली खेळत असताना आणि हे भाजीला गेलेले असताना, मी बरणी खाली घेत असे. एकेक चिठ्ठी उलगडून लांबच्या सहलींच्या वेचून काढत असे. यांची कर्नाळ्याची आणि तिची गव्हाणची. त्या पदराच्या टोकाला बांधायच्या, बाकीच्यांच्या घड्या पूर्ववत घालून बरणी जागेवर ठेवायची. संध्याकाळी ताशा वाजायचा, लेक डोळे मिटून हात घालायची, मीही टाळ्या वाजवायची. आणि गडबड संपली की त्या दोन चिठ्ठ्या परत बरणीत. कारण सुट्टीच्या शेवटी बरणी उपडी करून उरलेल्या चिठ्ठ्या बघायची पद्धत होती. "बघ," मी म्हणायची, "होती की तुझी. निघाली नाही, एवढंच. नशीब असतं एकेकाचं." ती मान हलवायची. ती चिठ्ठी केरात जाऊ नये म्हणून मी उचलून शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली ठेवून द्यायची. का ठेवायची, विचारू नका. चोराला चोरीचा माल टाकवत नाही, तसंच काहीतरी असेल.

असं का केलं? उत्तर इतकं साधं आहे की सांगायची लाज वाटते. मी दमलेली असायची. आठवडाभर कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसून पत्रांवर शिक्के मारायचे, आणि गव्हाण म्हणजे भरतीची वेळ गाठायला पहाटे चारला उठणं. पुऱ्या, बटाट्याची भाजी, दहीभात, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, कपड्यांचे बदली जोड. आल्यावर चिखलाचे कपडे पुन्हा माझ्याच हाती. आम्ही मासे न खाणारे, त्यामुळे त्यांच्याकडे जेवायचं नाही, डबा आपलाच, असं मी मनाशी कधीच ठरवून टाकलं होतं. 'मी दमले आहे' हे तीन शब्द त्या काळात माझ्या तोंडून निघत नसत. आमच्या पिढीच्या बायका दमत नसत, फक्त त्यांचं डोकं दुखायचं. मी तीन शब्द वाचवले आणि त्यासाठी सात वर्षं बरणीत हात घातला.

चौदाव्या वर्षी लेकीनं चिठ्ठ्या लिहिल्याच नाहीत. मोठी झाली, मी म्हटलं. बरणी माळ्यावर गेली.

गेल्या वर्षी ती आणि जावई जेवायला आले होते. सरकारी घरांची सोडत निघाली होती, जावई अर्जाचं बोलत होते. लेक हसत हसत म्हणाली, "तुझ्याच नावानं भर हं. माझी चिठ्ठी कधी निघत नाही. बाबांना विचार." हे हसले, जावई हसले. मी आमटी वाढत होते, ती वाटीबाहेर सांडली. त्या क्षणी मला तिचं सगळं दिसलं. शाळेत ती कुठल्या स्पर्धेला नाव देत नसे. मैत्रिणींच्या भिशीत तिला शेवटचाच नंबर हवा असे, 'तो आपोआपच येतो' म्हणून. तिच्या घरी फ्रिजवर नातीच्या सुट्टीचा तक्ता असतो. सोमवारी पोहणं, मंगळवारी मातीकाम, मग रोबोटिक्स, स्केटिंग, शनिवारी ट्रॅम्पोलीन, तासातासाची चौकट, प्रत्येक चौकटीला वेगळा रंग. मला वाटायचं, आजकालच्या आया अशाच. तसं नव्हतं. माझी लेक नशिबावर काहीही सोडत नव्हती, कारण नशिबाशी तिची ओळख मी करून दिली होती.

या मे महिन्यात लेक आणि नात महिनाभर राहायला आल्या. तक्ता बरोबर होताच. पण नात आठ वर्षांची आणि माळ्यावर डोकावणारी. दुसऱ्याच दिवशी तिनं आजोबांकडून बरणी खाली काढून घेतली. "आज्जी, हिला पिझ्झ्यासारखा वास येतोय!" आजोबांनी सगळी कहाणी सांगितली, पितळेच्या डब्यासकट. नातीनं धडाधड आठ चिठ्ठ्या लिहिल्या, आजोबांनी चार. लेक लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, "खेळा तुम्ही. माझी नका घालू. उगाच जागा अडवते."

त्या दुपारी मी शिवणाचा डबा उघडला. साती चिठ्ठ्या होत्या, जांभळी शाई जरा विटलेली. मनात पहिला विचार कुठला आला सांगू? नातीच्या सगळ्या काढून घ्याव्यात आणि या सातच ठेवाव्यात. म्हणजे निघणारच. बरणीत हात घातलासुद्धा. बोटांना नातीच्या कागदाची जाड घडी लागली. अरे, पुन्हा तेच? हात बाहेर घेतला. फक्त एक, सर्वांत जुनी, उलट्या णची चिठ्ठी बाकीच्यांत टाकली आणि झाकण लावलं.

आणि काय सांगू तुम्हाला, त्या शनिवारी ताशा वाजायला लागला तेव्हा मी टाळ्या वाजवायचंच विसरले! इतकी वर्षं या खेळात मी टाळ्या वाजवल्या, पण मला काय निघणार ते नेहमी अर्धंमुर्धं ठाऊक असायचं. खरी सोडत मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होते. नातीचा हात बरणीत फिरत होता, कागदांची सळसळ ऐकू येत होती. निघाली ती आजोबांच्या स्कूटरवरून बर्फाचा गोळा खायला जाण्याची. मी इतकी ओरडले की शेजारच्या वहिनी दार उघडून बघून गेल्या. दुसऱ्या शनिवारी करवंदं. कोपऱ्यावर आता त्या बाईची सून बसते, पण कोंबडा-कोंबडीचं भांडण तेच, आणि त्यात आता लेकही पडली. तक्त्यातला ट्रॅम्पोलीनचा रंग कुणाच्या लक्षातही राहिला नाही. तिसऱ्या शनिवारी गच्चीत चादरीचा तंबू. दर आठवड्याला मी लहान होत होते. असा आनंद मी माझ्या लेकीकडून दर शनिवारी काढून घेत होते, आणि स्वतःकडूनही, हे मला तेव्हा कळलं.

चौथा शनिवार शेवटचा. सोमवारी त्या जाणार होत्या. नातीनं चिठ्ठी उलगडली, डोळे बारीक केले. "हे कुणाचं अक्षर? गव्हाणला... होडीत बसायचं. आज्जी, ण उलटा काढलाय!"

ताशा थांबला. लेकीनं चिठ्ठी हातात घेतली. शाई पाहिली, घडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. "आई, ही इथे कशी?"

मी स्वयंपाकघरात गेले, ती मागून आली. सवयीनं माझा हात कणकेच्या डब्याकडे गेला होता, उद्याच्या पुऱ्यांसाठी. तो तिथेच थांबवला. बॉबिनांखालच्या सहा चिठ्ठ्या आणून ओट्यावर मांडल्या आणि सगळं सांगितलं. शनिवारची दुपार, पदराचं टोक, 'नशीब असतं एकेकाचं', सगळं. दारात हे कधी येऊन उभे राहिले ते कळलंच नाही.

"म्हणजे माझा कर्नाळाही तूच?" ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. लेक चिठ्ठ्या एकीखाली एक लावत होती, वर्षांच्या क्रमानं. शेवटची लावून झाल्यावर म्हणाली, "मला वाटायचं, बरणीलाच मी आवडत नाही."

मी कणकेचा डबा मागे सरकवला.

"सांगायचं ना गं आई, दमलेय म्हणून," ती म्हणाली. "ब्रेड-जाम घेऊन गेलो असतो." आणि खोलीत जाऊन तिनं दार लावलं.

ब्रेड-जाम. सात वर्षांत मला हे सुचलं नव्हतं.

पहाटे चारला जाग आली ती ओट्यावरच्या खुडबुडीनं. दिवा लागलेला. लेक पावाच्या लाद्या समोर ठेवून जाम लावत होती, नात झोपाळलेल्या डोळ्यांनी कागदात गुंडाळत होती. मी दारात दिसताच लेक म्हणाली, "तू हात लावायचा नाहीस. गाडीत जाऊन बस." आवाज अजून कडकच होता. मी गाडीत जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी सहलीला नुसती गेले.

गव्हाणचे ते सहकारी आता पिकल्या केसांचे, पण हसू तेच. यांनी रात्री फोन केला तेव्हा म्हणाले होते, "सातला भरती हाय. उशीर केलाव तर चिखलात बसाल." त्यांच्या बायकोनं तांदळाच्या भाकरी आणि वालाचं बिरडं करून ठेवलेलं. मी ब्रेड-जामचा डबा पुढे केला तशी ती पदर तोंडाला लावून हसली. "वयनी, आमी काय रोज म्हावराच खातो? तुमी विचारलाव तरी कवा?" खरंच, माशांशिवाय काही मिळेल का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

खाडी आता पूर्वीची राहिलेली नाही म्हणतात. मी पूर्वीची पाहिलीच नव्हती, त्यामुळे मला ती अख्खी दिसली. तिवरांच्या भिंतीमधून पाणी वर चढत होतं, काठावर निळे खेकडे पळत होते. होडी हलली आणि आम्ही सगळे एकदम किंचाळलो, सर्वांत मोठ्यांदा मी. डोक्यावरून एक विमान इतकं खालून गेलं की नातीनं त्याला हात केला. लेक पुढच्या टोकाला बसली होती. हात पाण्यात सोडलेला, कोपरापर्यंत.

"आई, पण ही चिठ्ठी कुणाची होती?" नातीनं विचारलं.

लेकीनं मागे वळून पाहिलं, नातीकडे नाही, माझ्याकडे. "माझी," ती म्हणाली. "निघाली एकदाची."

चौथ्या शनिवारी ती निघाली नसती तर मी बोलले असते का? इतकं सांगितलंच आहे तर हेही सांगते, बहुधा नसते बोलले. लेक सोमवारी गेली असती आणि मी पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहत बसले असते. माफी मागायलाही माणूस सोडतीवर अवलंबून राहतो. तिनं मला माफ केलं का, मला माहीत नाही. जाताना नेहमीसारखी गळ्यात पडली नाही, पण गाडीची काच खाली करून म्हणाली, "बरणी धुऊ नकोस हं."

म्हणून ती मी धुतलेली नाही. आत तळाशी एक चिठ्ठी आहे. नातीच्या जाड कागदाची नाही. लहान, नीट घडी घातलेली, जाण्याआधी कधीतरी लेकीनं टाकलेली. पुढच्या मे महिन्याला अजून अकरा महिने आहेत. घरात मी एकटी आहे, हे भाजीला गेले आहेत, बाहेर शनिवारची दुपार टळते आहे.

मी झाकण लावलं.