भीमरावभाऊंचं कपाट

बिघडलेल्या कॉम्प्युटरला भीमरावभाऊ लगेच हात लावत नसत. खुर्ची ओढून बसत, चष्मा कपाळावर सरकवत आणि मालकालाच विचारत, "कालपर्यंत चालत होता ना? मंग काल काय केलं, थे सांग आंधी." समोरचा हमखास म्हणे, "काहीच नाही." त्यावर भाऊंचं उत्तर ठरलेलं असे, "मशीन खोटं बोलत नाई गड्या, मानूस बोलते."

मेडशीच्या बसस्टँडसमोर त्यांचं दुकान होतं. रेडिओवरून टीव्हीवर आणि टीव्हीवरून कॉम्प्युटरवर आलेला माणूस, शिकलेला दहावीपर्यंत. कॉम्प्युटर सुरू होत नसला की ते आतली मेमरीची पट्टी काढून शाळकरी खोडरबराने घासत आणि परत बसवत. निम्मी मशीनं तेवढ्यानेच जागी होत. मग ते खोडरबर वर धरून म्हणत, "डिग्री पाह्य माही!"

जी जागी होत नसत, त्यांचे भाग ते एका लोखंडी कपाटात ठेवत. प्रत्येकावर पांढरी पट्टी, तिच्यावर मालकाचं नाव आणि मरणाचं कारण. 'वीज पडली.' 'मुंग्या.' 'उंदीर.' कुणीतरी छत गळून भिजलेला कॉम्प्युटर तसाच चालू करून पाहिला होता. त्याची डिस्क दाखवत भाऊ मला म्हणाले होते, "पानी गेल्यावर करंट द्याचाच नाई. आंधी डिस्क काढून घ्याची. यानं मले सांगतलं असतं तं वाचली असती." म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

आमचे बाबा निवृत्त तलाठी. शेवटची दोन वर्षं ते एका बोटाने टाइप करत गावातल्या वावरांची नावं आणि त्यामागच्या हकिकती लिहीत होते. 'सासूचा तुकडा' हे नाव कसं पडलं, 'उपाशी माळ' कुणाचा, असं बरंच काही. कागदावर त्यातलं काहीच नव्हतं. भाऊंनी मला दहादा बजावलं होतं, "गजू, कॉपी काढून ठेव बाप्पा. एका जागी ठेवलेलं म्हंजे ठेवलंच नाई." मी हो हो म्हणत राहिलो. बाबा गेले, वर्षश्राद्ध झालं, तरी माझं हो हो संपलं नव्हतं.

त्यानंतरचा दसरा. आमच्याकडे दसऱ्याला विळ्या-कुऱ्हाडीपासून मोटारसायकलपर्यंत सगळ्यांची पूजा होते. आईने त्या वर्षी बाबांचा कॉम्प्युटरही पूजेला मांडला. "थे त्यायचं हत्यार हाये," ती म्हणाली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, नारळ फोडला आणि त्याचं पाणी वरच्या जाळीवर शिंपडलं. मी शेजारीच उभा होतो. तिचा चेहरा पाहून माझ्याने 'नको' म्हणवलं नाही. संध्याकाळी बटण दाबलं, तर पंखा एकदा गरकन फिरला आणि थांबला.

भाऊ तेव्हा नागपूरला. दसऱ्याला ते दरवर्षी दीक्षाभूमीवर जात. परत आल्याबरोबर पिशवी घेऊन आमच्या घरी हजर झाले. तोवर मी वरचं कुंकू पुसून टाकलं होतं. खुर्ची ओढली, चष्मा वर केला. "बंद पडला त्या दिवशी काय केलं होतं?"

कॉम्प्युटरला नारळाचं पाणी पाजलं, हे भाऊंना सांगायची मला लाज वाटली. आणि आई दारातच उभी होती.

"काहीच नाही," मी म्हणालो.

या वेळी ते 'मानूस बोलते' म्हणाले नाहीत. बाबांच्या मशीनबाबत मी खोटं बोलेन, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. त्यांनी खोडरबर फिरवलं, पट्टी बसवली, बटणाकडे बोट नेलं. तेव्हा तरी ओरडायला हवं होतं. मी दारातल्या आईकडे पाहत राहिलो. आतून फटकन आवाज झाला आणि जळका वास घरभर पसरला.

भाऊ सगळं दुकानात घेऊन गेले. महिन्याने आले ते रिकाम्या हाताने, आणि आईसमोर जमिनीवर बसले. "माय, माह्या हातानं गेलं. अकोल्याले पाठवून पाह्यलं, पुन्याले पाठवलं. काकाचं लिवलेलं नाई वाचलं." आईनेच त्यांची समजूत घातली. मी चहा आणायच्या निमित्ताने आत पळालो. पुढे दर दसऱ्यानंतर नागपूरहून आले की ते आमच्या दारात येत आणि म्हणत, "चुकलं माय." दरवर्षी मी ठरवायचो, आज सांगून टाकू. दरवर्षी ते चहा पिऊन निघून जायचे.

मागच्या पावसाळ्यात भाऊ हृदयविकाराने गेले. दुकान रिकामं करायला वहिनींनी मला बोलावलं. कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात आमची डिस्क होती. पट्टीवर बाबांचं नाव आणि त्याखाली भाऊंच्या अक्षरात कारण : 'माझी चूक.'

तिला दोऱ्याने बांधून ठेवलेला होता आमच्याच कॉम्प्युटरचा पॉवर सप्लायचा डबा, वरच्या जाळीखाली असायचा तो. त्याच्या झाकणाचे स्क्रू काढलेले होते. मी झाकण उचललं. आत तळाशी कुंकू वाळून घट्ट बसलं होतं, आणि झेंडूची एक करपलेली पाकळी.

म्हणजे भाऊंना तेव्हाच सगळं कळलं होतं. कळूनही ते आईच्या पायाशी येऊन बसले होते. मला तिथेच रडू फुटलं. आता माफी मागायची तरी कुणाची? डबा पिशवीत घालून मी घरी आलो.

"काय आनलं रे भीमरावच्या दुकानातून?" आईने विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणालो.