तितराच्या पापण्या

आमच्या गावामागचा माळ म्हणजे मुरूम, तरवड, बोरी, निवडुंग आणि उन्हानं करपलेली कुसळं. जोतिबाला जाणारे कडेकडेनं निघून जात. महाराजांच्या अमदानीत कधीमधी डोळ्यांवर टोप्या चढवलेले शिकारी चित्ते गाडीतून तिथं यायचे, तेव्हा सारा गाव लोटायचा. एरवी माळ माझ्या एकट्याचा. मी तरवडाआड बसून पाखरं पाहायचो. चंडोल, टिटव्या, आणि बोरीच्या जाळीतली तितराची जोडी. नर ओरडू लागला की मादी त्यात आपला सूर मिसळायची. नराच्या एका पायाचं बोट वाकडं होतं. तो कुठल्या दगडावर चढतो, कुठल्या वाटेनं जाळीत शिरतो, मला सगळं पाठ.

त्या वर्षी थोरली बहीण, अक्का, माहेरीच होती. दाजी तिला आणून सोडून गेले ते न्यायला येईनात. शेजारणी रोज विचारायच्या, आणि आई रोज नवं कारण सांगायची. शिमग्यानंतर दाजी आले ते हातात फडक्यानं झाकलेला पिंजरा घेऊन. आत त्यांचं झुंजीचं तितर.

जेवताना म्हणाले, "पावणं, तुमी म्हणं माळावर पाखरं बगत बसता?"

"व्हय."

"बगून प्वाट भरतंय व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

"त्यापरीस एक दांडगा नर दावा की. मग उद्याच न्हेतो तुमच्या अक्काला."

थट्टाच ती. पण आईनं वाढता वाढता माझ्याकडं पाहिलं.

"दावतो की," मी म्हणालो.

सकाळी मी दाखवलेल्या वाटेवर दाजींनी पिंजरा ठेवला, भोवती घोड्याच्या केसांचे फास मांडले. पिंजऱ्यातलं तितर ओरडलं. आपल्या हद्दीत परका नर ओरडला की तितर गप्प बसत नाही. माझा नर पिसं फुलवून, अगदी मी सांगितलं होतं तसाच, धावत आला आणि वाकड्या बोटासकट फासात अडकला.

"धरा घट्ट," दाजी म्हणाले. मी धरलं. तळहातात त्याचं काळीज फडफडत होतं. दाजींनी मुंडाशातून सुई काढली, खालच्या दोन्ही पापण्यांतून दोरा ओवला, वर ओढला आणि डोक्यावर गाठ मारली. गोधडीला टाका घालावा इतक्या निवांतपणे. "आंधारात गप ऱ्हातंय," म्हणाले. मग त्याच बोटांनी तंबाखू मळून अर्धी मला दिली. मी ती खाल्ली. ती चव अजून जिभेवरून गेलेली नाही.

परड्यात अक्कानं माझ्या नराच्या नव्या पिंजऱ्यावरचं फडकं उचललं.

"डोळं कुणी शिवलं रे?"

"दाजींनी."

"आन तू?"

"मी धरलंतं."

तिनं फडकं परत पिंजऱ्यावर टाकलं. मग हळूच म्हणाली, "मला न्हाय जायाचं. आईला सांग. तुजं ऐकंल ती."

ऐकलंही असतं. पण मी तिचं गाठोडं उचललं आणि गाडीत नेऊन ठेवलं. नवा पिंजरा दाजींनी तिच्याच मांडीवर दिला.

आम्हाला काही ठाऊक नव्हतं, असं मी आजवर सांगत आलो. खोटं आहे ते. ती आली तेव्हा पाठीवर वळ होते. आईनं त्यांना हळद लावली होती आणि वाटी माझ्या हातात होती. पुढं अक्का सणावारालाही कधी आली नाही. आईला खांदा द्यायच्या दिवशी आली, तेव्हा तिचा एक हात कोपरातून सरळ होत नव्हता. माझ्याशी बोलली नाही.

गाडी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पुन्हा माळावर गेलो. जाळीत मादी ओरडत होती. मध्येच थांबायची, नराच्या सुरापुरती जागा सोडायची, आणि पुन्हा ओरडायची. आणि मी, लिहितानाही स्वतःची किळस येते, तरवडाआड नीट मांडी घालून ते ऐकत बसलो.