डब्याच्या आट्यांतलं तेल

धातूच्या डब्यात हायड्रोजन नेमका कुठे जाऊन बसतो, हे बघण्यात माझी इतकी वर्षं गेली, आणि सगळ्यात ठसठशीत फोटो निघाला तो आमच्या आबांच्या तेलाचा. अजून आठवलं की कान गरम होतात.

आबा म्हणजे माझे वडील. खानदेशातून सुरतेला आले आणि बमरोलीच्या कापडाच्या लूमवर त्यांनी जन्म काढला. आता कोसाडच्या घरी बसून असतात, म्हणजे बसत मुळीच नाहीत. आटे असलेली कुठलीही वस्तू घरात आली की तेलाचं बोट लागल्याशिवाय ती वापरायची नाही, हा कारखान्यातला नियम त्यांनी घरात आणला. नळाची तोटी, पंख्याचे नट, शेजारणीच्या शिलाई मशीनचे स्क्रू, सगळ्यांचं झालंय.

माझी मिश्रधातूची भुकटी हायड्रोजन शोषून साठवून ठेवते, पण ती ॲल्युमिनियमच्या डब्यात बंद असते. क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. न्यूट्रॉनचं उलटं आहे. ते ॲल्युमिनियममधून आरपार जातात आणि हायड्रोजनपाशी अडतात, म्हणून फोटोत तो काळा उमटतो. असा फोटो काढायला अणुभट्टी लागते. तिथली एका दिवसाची पाळी आम्हाला फार वाट बघून मिळाली होती.

कडोदऱ्याच्या लेथवर आट्याच्या झाकणाचा डबा करून घेतला आणि येताना घरी आणला. मिरवायला, दुसरं काय! मी चहा संपवेपर्यंत आबांनी आट्यांना तेल लावलंही होतं. तेलात हायड्रोजन ठासून भरलेला असतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. तरी त्यांचा खुललेला चेहरा बघून माझ्याच्याने बोलवेना. लॅबमध्ये पुसून टाकू, असं म्हटलं. पुसलंही. माझ्या मते अगदी स्वच्छ.

अणुभट्टीवर हायड्रोजन भरण्याआधी भुकटी डब्यातच तापवून घेतात आणि एक फोटो काढतात, नंतरच्याशी ताडून बघायला. त्यातच झाकणाखाली काळंकुट्ट कडं दिसलं. तिथले वयस्कर शास्त्रज्ञ हळूच म्हणाले, "मॅडम, हे तेल आहे. भुकटी तापवली तेव्हा तिच्यातही उतरलंय. आज काही होणार नाही." माझे विद्यार्थी माझ्याकडे बघायचं टाळत होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी आल्या आल्या आबांनी विचारलं, "फोटो निंघना का?"

मी मोबाइल पुढे केला. काळं दिसेल तो हायड्रोजन, हे मीच त्यांना आधी सांगितलं होतं. ते कडं बघून आबा हरखले. फोटो त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला आणि शेजारचे काका आले तसा त्यांच्यासमोर धरला. "हाई कडं दिसस ना, ते हायड्रोजन शे. मन्ही पोरनं काम शे."

मी मान खाली घालून बसले. त्यानंतर कॉलनीत ज्याला त्याला त्यांनी ते कडं दाखवलं. भाजी घ्यायला गेले तरी बायका माझं अभिनंदन करायच्या, आणि मी मेथीची जुडी निवडत राहायची.

शास्त्रज्ञांना दया आली असावी, कारण पुन्हा पाळी मिळाली. दुसरा डबा कडोदऱ्याहून परस्पर लॅबमध्ये नेता आला असता. पण मग खरं सांगायचं राहून गेलं असतं आणि त्या कड्याचं अभिनंदन मला जन्मभर ऐकावं लागलं असतं, तेही आबांच्या तोंडून. म्हणून घरीच आणला. आबा तेलाची कुपी घेऊन तयारच होते.

"आबा, याला तेल नको," मी म्हणाले. "फोटोत तेलही काळंच येतं. मागचं ते कडं..."

आपल्या मोबाइलमधला फोटो त्यांनी उघडला आणि बराच वेळ बघितला. मग मोरीत जाऊन साबणाने हात धुतले, बोटांचा वास घेतला, पुन्हा धुतले. बाहेर आले ते हात पाठीमागे बांधून, आणि डब्यापासून चांगले लांब उभे राहिले.

"आते देखू का माय?" त्यांनी विचारलं. "हात नही लावत."