कमलताईने स्वतःच्या पेशी पाहिल्या

माझ्या बहिणीला तिचा कॅन्सर मी दाखवला. मायक्रोस्कोपखाली.

कमलताई. हिंगोलीकडच्या साखरा गावची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आज तिला जाऊन वीस वर्षं झाली.

तेव्हा मी पुण्यात पीएचडी करत होते. विषय क्रोमॅटिन. प्रत्येक पेशीत दोन मीटर लांबीचा डीएनए असतो. तो ज्या प्रोटीनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांचा अभ्यास.

आणि ताईलाच ब्लड कॅन्सर झाला.

घरी ठरलं, तिला सांगायचं नाही. "रक्त कमी हाय", एवढंच म्हणायचं. मीही आईला तसा शब्द दिला.

पुन्हा रक्त तपासायला मी तिला हिंगोलीला नेलं. एसटीत ती खिडकीशी बसलेली. बाहेर शेताशेतांत उकडलेली हळद वाळत होती. सगळं पिवळं, स्वप्नात असल्यासारखं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "तू पेशीचंच शिकून राहिलीस ना? मंग मला काहून फसवून राहिलीस?"

मी नुसती रडले.

लॅबमध्ये टेक्निशियनला विनंती करून मी तिच्या रक्ताची, रंग दिलेली स्लाइड पाहिली. मग बाजूला झाले.

"ताई, ये. बघ."

तिने एक डोळा मिटला. कितीतरी वेळ हललीच नाही.

"जांभळं आभाळ हाय गं हे. लई छान दिसून राहिलं."

"ती लहान, गच्च, गडद दिसते ना, ती चांगली पेशी."

"आन ही मोठी, फिकट?"

"ती बिघडलेली. तिच्यात डीएनए सैल पडलाय. जे बंद राहायला पाहिजे, ते उघडं राहिलंय. म्हणून ती वाढतच जाते."

"ही बी माझीच?"

"व्हय."

"मंग तिला शिव्या कशाला द्यायच्या?"

थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती दिवस?"

"थोडेच महिने, ताई."

घरी येऊन तिनेच सगळ्यांना सांगितलं, "मला म्हाईत झालंय. आता माझ्यापासून लपून रडू नका."

आई माझ्याशी बोलेना. शब्द मोडला होता मी.

जूनमध्ये ताईने लेकीला, रूपालीला, हिंगोलीच्या हॉस्टेलात घातलं. धाप लागत होती तरी जिना चढली. गादी स्वतः घातली. वरच्या खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिली.

श्रावणात गेली. भरदुपारी, आईच्या मांडीवर.

तेराव्यानंतर मी पुण्याला निघाले. आई एसटीपर्यंत आली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझा हात धरला.

"बरं केलंस गं. न्हाईतर मी लेकरासंग शेवटपर्यंत खोटंच बोलले असते."

कमलताई, तुझ्या धाकटीचा भरल्या मनाने नमस्कार.