पैलवानाचा कान

दीड महिना झाला. सकाळी भाच्याचा फोन आला आणि तो इतक्या हळू आवाजात बोलला, की मला तिथंच कळलं. आमच्या घरात कुणी हळू बोलत नाही. मीठ मागितलं तरी शेजारच्या गल्लीला ऐकू जातं. "आत्ती, अण्णा गेलं..." एवढंच तो म्हणाला.

अण्णा माझा थोरला भाऊ. त्या गोंगाटाच्या घरात तो एकटाच हळू बोलायचा आणि गावभर त्याचं कौतुक व्हायचं... एवढा पैलवान गडी, पण आवाज चढत नाही! त्याचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. सर्दी झाली की ठणकायचा, पू यायचा, मग आई लसूण टाकून कोमट केलेलं तेल ओतायची. पुढं तो तालमीत गेला आणि घासून, मार खाऊन कानांचे गोळे झाले. आमच्याकडं असा कान म्हणजे मिरवायची गोष्ट. मग पू आला तरी आमचे वडील, आप्पा, चारचौघांत छाती फुगवून म्हणायचे, "पैलवानाचा कान हाय, फुटणारच की!" उशीच्या अभ्र्यावरचे पिवळे डाग आई मुकाट्यानं धुवायची. डॉक्टरकडं न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

बारावी झाल्यावर वारणानगरच्या कॉलेजात जायचं माझ्या मनात होतं. आप्पांनी मात्र स्थळ आणलं. त्यांच्यापुढं उभं राहायची माझी छाती नव्हती. ते ऐकायचे ते फक्त अण्णाचं. एका संध्याकाळी तो गोठ्यात धार काढत होता, डोकं म्हशीच्या कुशीला टेकवून. मी मागं उभी राहिले आणि कुणाला कळू नये म्हणून अगदी दबक्या आवाजात सगळं सांगितलं. त्यानं मान हलवली. मी हवेत! दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, सुपारी फुटली आणि अण्णा हसतमुखानं सगळ्यांना पान देत फिरत होता.

तो राग मी तीस वर्षं पोसला. भाऊबीजेला ओवाळायचे, पण मनातल्या मनात त्याला नंदीबैल म्हणायचे. माणूस इतका भित्रा कसा, असंच वाटायचं.

चार वर्षांमागं त्याला चक्कर यायला लागली, कानाला घाण वास यायला लागला. मी कोल्हापुरात राहते, म्हणून मीच त्याला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी लोखंडी काट्यासारखं काहीतरी वाजवून डाव्या कानाजवळ धरलं. अण्णा गप्प. तेच कानामागच्या हाडावर टेकवलं, तर म्हणाला, "आता येतंय की ऐकू!" डॉक्टर म्हणाले, पडद्याला जुनं भोक आहे, आतली नाजूक हाडं सडलीत, हे लहानपणापासूनचं दुखणं आहे. बाहेरच्या मोडलेल्या कानाचा याच्याशी काही संबंध नाही. अशा माणसाला स्वतःचाच आवाज आत मोठा वाटतो, म्हणून ही माणसं हळू बोलतात. मला गोठा आठवला. त्या संध्याकाळी म्हशीच्या कुशीला टेकला होता तो त्याचा चांगला, उजवा कान. माझ्याकडं होता तो डावा.

रिक्षात मी विचारलं, "ऐकू येत नाही, हे कधी बोलला का नाहीस?"

"पैलवान भैरा हाय म्हटल्यावर काय इज्जत ऱ्हाईल? न्हाय कळलं की मान हलवायचो. भागायचं."

मग मी गोठ्यातलं सगळं सांगितलं, ओरडून, रिक्षावाला वळून वळून बघत असताना. अण्णाचे डोळे भरून आले. म्हणाला, "मोठ्यानं का न्हाय सांगितलंस गं?" त्या घरात पोरींनी मोठ्यानं बोलायचं ते फक्त गड्यांना जेवायला हाक मारताना... हे मला त्याला सांगवलं नाही.

ऑपरेशननं पू थांबला, ऐकू मात्र फारसं परत आलं नाही. त्यानंतर मी गेले की अण्णा आपली वेताची खुर्ची तिरकी ओढायचा, उजवा कान माझ्याकडं करायचा आणि म्हणायचा, "हं, आता सांग." सांगण्यासारखं काही नसलं तरी मी काहीबाही सांगत बसायचे.

गेल्या आठवड्यात गेले होते. बाहेरच्या सोप्यात खुर्ची तशीच तिरकी होती. वहिनी म्हणाल्या, "वन्सं, ह्यांची आठवण म्हणून काय न्यायचं असंल तर सांगा." काही नको, हे अगदी ओठावर आलं. आयुष्यभर तेच म्हणत आले आहे. मग आत स्वयंपाकघरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हणाले, "मला ती खुर्ची पायजे."