बिनउन्हाचा फ्लॅट

माझी चंद्रपूरहून नाशिकजवळच्या एकलहऱ्याला बदली झाली तेव्हा ऑफिसातल्यांनी माझं अभिनंदन केलं आणि घरच्यांनी ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढले. मी वीज केंद्राच्या स्टोअरमध्ये कारकून. नटबोल्ट इथेही मोजायचे आणि तिथेही, त्यामुळे कामाची काळजी नव्हती. काळजी होती ती थंडीची. चंद्रपुरात थंडी पडत नाही असं नाही, पण ती पाहुण्यासारखी येते, चार दिवस राहते आणि निघून जाते. घर भाड्याने घेताना तिचा विचार कोणी करत नाही. नाशिकची थंडी मात्र चांगली मुक्काम ठोकते, असं जो तो सांगू लागला. आईच्या एका मैत्रिणीने तर सांगितलं की तिकडे गारठ्याने मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षांच्या बागेत शेकोट्या पेटवतात.

"द्राक्षाले शेकोटी लागते, तं माणसाचं काय होत असन?" असं म्हणून आईने माझ्यासाठी कानटोपी विणायला घेतली.

नोव्हेंबरात मी एकटाच पुढे गेलो. बायको, आई आणि चौथीतली मुलगी जानेवारीत येणार होत्या. तोवर मी घर शोधायचं, असं ठरलं. बायकोने मला फोनवर यादी पाठवली. शाळा पायी जाण्याइतकी जवळ हवी. फोन उचलणारा डॉक्टर हवा. पावशेर डाळ मागितली तर तोंड वाकडं न करणारा वाणी हवा. आणि शेवटचा मुद्दा तिने ठळक केला होता: संध्याकाळी सातनंतर रस्त्यावर बायका आणि लहान मुलं निवांत फिरताना दिसली पाहिजेत. बालवाडीत शिकवत असल्यामुळे तिच्या सूचना मोजक्या आणि स्पष्ट असतात.

स्टोअरमधला माझा सहकारी तिथल्याच गावचा. त्याने मोटरसायकल काढली आणि रविवार माझ्या नावे केले. "भाऊ, टेन्शन नाय घ्यायचं. नाशिक लय भारी हाय, कुठंबी राहा," असं तो म्हणाला आणि मग कुठंबी का राहू नये ते वाटेत सांगत गेला. गंगापूर रोडला लोक चांगले, पण प्लँटपासून लांब. सिडकोत सगळं मिळतं, पण गाडी लावायला जागा मिळत नाही. पंचवटीत पाहुणे फार येतात, कारण सगळ्यांना गोदावरीत आंघोळ करायची असते आणि सगळे आपल्याकडेच उतरतात. मी ऑफिसात आणखी चारजणांना विचारलं. चौघेही चार भागांत राहत होते आणि प्रत्येकाला आपलाच भाग सोडून बाकी नाशिक राहण्यालायक वाटत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी आम्ही जेलरोडला पोहोचलो. मी बायकोला फोन करून सांगितलं.

"मुलीसाठी चांगला एरिया बघायला सांगितला होता," ती म्हणाली, "आणि तुम्ही जेलरोड बघताय?"

मागून आईचा आवाज आला. "जेल हाय म्हणजे पोलिसबी असतीन. पाहू दे त्याले."

शाळा जवळ होती. वाण्याने मला पावशेर तूरडाळ हसतमुखाने दिली. डॉक्टरने फोन उचलला, मला काय होतंय ते विचारलं, आणि काही होत नाही म्हटल्यावर ठेवून दिला. आता राहिला होता शेवटचा मुद्दा. त्यासाठी सहकाऱ्याला घरी पाठवून मी सात वाजता एका कॉलनीच्या कोपऱ्यावर, विजेच्या खांबाला टेकून, आईने विणलेली कानटोपी घालून उभा राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका मोजू लागलो.

अकरापर्यंत पोहोचलो होतो. बारावी बाई माझ्यासमोर येऊन थांबली. साठीची, अंगावर शाल, पायात बूट. तिच्यामागे आणखी दोघी थांबल्या.

"तुम्ही कोणाकडं आले?"

"कोणाकडेच नाही."

"मग अर्ध्या तासापासून काय बघून राहिले?"

खरं सांगावं, म्हणून मी सांगितलं, "बायका फिरतात का ते बघतोय." वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि ते किती वाईट आहे ते मला कळलं. मागच्या दोघींपैकी एकीने फोन काढला. मी घाईघाईने कानटोपी काढली, त्यामुळे मी जास्त सभ्य दिसेन असं मला वाटलं होतं. मग बायकोची यादी दाखवली. बाईने शाल सावरत ती यादी खांबाच्या उजेडात पूर्ण वाचली आणि म्हणाली, "लावा त्यांना फोन."

मी फोन लावून दिला. पुढची वीस मिनिटं मी खांबाजवळ उभा होतो आणि माझी बायको नाशिकमधल्या एका अनोळखी बाईशी बोलत होती. या टोकाने मला कळलं ते इतकंच, की बाईंचं माहेर कळवणचं, यजमान रेल्वेत गार्ड होते, सगळी नोकरी मनमाडला गेली आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथे फ्लॅट घेतला. मला फोन परत मिळाला तेव्हा बायको म्हणाली, "त्यांच्या समोरचा फ्लॅट रिकामा आहे. बघून घ्या. बाई चांगल्या आहेत."

बाईंनी लगेच नेऊन फ्लॅट दाखवला. पहिला मजला, दोन खोल्या आणि हॉल, नळाला पाणी. मग मी तो प्रश्न विचारला जो चंद्रपूरचा कुठलाही शहाणा माणूस घर घेताना सगळ्यात आधी विचारतो.

"काकू, ऊन येतं का हो घरात?"

काकूंचा चेहरा पडला. "खोटं कशाला बोलू भाऊ. बिलकुल नाय येत. मागं ती मोठी बिल्डिंग झाली ना, तेव्हापासून नाय. म्हणून तर रिकामा हाय."

"बिलकुल नाही? दुपारीसुद्धा?"

"कधीच नाय."

"वा," मी म्हणालो. "मग हाच घेतो."

काकूंनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचा अर्थ मला जानेवारीत कळला. त्या दिवशी मात्र मी खुशीत होतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात असा गार फ्लॅट मिळावा म्हणून लोक ओळखी काढतात. इथे तो माझीच वाट बघत होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ट्रक आला, कुटुंब आलं. आईने चपला काढून हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि लगेच उचललं. मग दुसरं टाकलं. फरशी पाण्यात बुडवून ठेवल्यासारखी गार होती. ती एकेका खिडकीशी जाऊन बाहेर बघून आली. प्रत्येक खिडकीतून मोठ्या बिल्डिंगची भिंत दिसत होती.

"काहून रे बाबू, या घरात ऊन कुठून येते?"

"येत नाही, आई."

"येत नाही म्हणजे?"

"मुद्दाम बघून घेतलंय."

आई पलंगाच्या पाट्यांवर बसली. बायको हातातली पातेली खाली न ठेवता माझ्याकडे बघत राहिली. मुलीने तोंडातून वाफ काढून दाखवली आणि विचारलं, "बाबा, आता आपल्याला घरात बूट घालायचे का?" मग स्वतःच जाऊन घातले.

पुढचे आठ दिवस घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोललं गेलं. कपडे वाळत नव्हते. आंघोळ करून बाहेर आलेला माणूस थेट गोधडीत शिरत होता. पोळ्या तव्यावरून ताटात येईपर्यंत निवत होत्या, त्यामुळे आम्ही सगळे स्वयंपाकघरात गॅसभोवती उभं राहून जेवत होतो. आईला स्वेटरवर स्वेटर चढवल्यामुळे हात वर करता येईना. अशात एक दिवस सकाळी समोरच्या काकूंनी दार वाजवलं.

"भलती थंडी शे आज," त्या म्हणाल्या. काकूंच्या बोलण्यात मधूनच माहेर डोकावतं. "आजी, आमच्या गॅलरीत बसा घडीभर. ऊन मस्त पडलंय."

"पंधरा मिनिटं बसून येते," आई मला सांगून गेली. ती जेवायच्या वेळेला परत आली. दुसऱ्या दिवशी जाताना तिने निवडायला तांदूळ नेले. तिसऱ्या दिवशी रविवार होता, तर मुलगी गृहपाठ घेऊन तिच्या मागे गेली. चौथ्या दिवशी मी कामावरून आलो तर माझ्या दोन पँटी त्या गॅलरीच्या दोरीवर लटकत होत्या.

मला फार लाज वाटली. पुढच्या सुट्टीत मी काकूंच्या यजमानांना, म्हणजे काकांना, गाठलं. आमच्या घरच्यांनी तुमची गॅलरी बळकावली, माफ करा, असं काहीसं बोललो. काका पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला.

"हे बघा, ऊन पावणेनऊला लागतं आणि साडेअकराला सुटतं," ते म्हणाले. "गाडी रिकामी धावत होती. चार पॅसेंजर मिळाले, बरंच झालं. आजींना खिडकीशेजारची जागा दिलीय, ती कोणी घ्यायची नाही. तुमच्या पँटी मात्र जरा मागे सरकवा, माझ्या पेपरवर पाणी गळतं."

तरीही माझं मन मानेना. चूक माझी होती आणि ती मीच निस्तरायला हवी होती. मी कोणाला न सांगता पुन्हा सहकाऱ्याच्या मागे बसून रविवारी घरं बघू लागलो. आता प्रश्न उलटा विचारत होतो. तिसऱ्या खेपेला घर मिळालं. गंगापूर रोडच्या बाजूला, चौथा मजला, लिफ्ट, पूर्वेला गॅलरी, दक्षिणेला खिडक्या, हॉलभर ऊन. सहकारी म्हणाला, "भाऊ, ह्या घरात पापडबी वाळतील आन तुमची आईबी खूश होईल." प्लँट लांब पडत होता, पण मी मनाची तयारी केली होती.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना रिक्षात घालून ते घर दाखवायला नेलं. कुठे नेतोय ते सांगितलं नव्हतं. दार उघडलं तसं ऊन अंगावर आलं. आईने वरचा स्वेटर काढला, मग दुसरा काढला. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून ती बसली. बायकोने नळ सोडून पाहिले. मुलगी रिकाम्या हॉलमध्ये घसरगुंडी खेळली. मी कोपऱ्यात उभा राहून कौतुकाची वाट बघत होतो.

अर्धा तास झाला. खाली गाड्या येत होत्या, जात होत्या. समोरच्या फ्लॅटचं दार एकदा उघडलं, एका माणसाने कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवली आणि दार बंद केलं. आई उठून आत आली.

"कसं आहे?" मी विचारलं.

"ऊन लय चांगलं हाय बाबू. पण मी इथं बोलू कोणासंग?"

"होतील ओळखी."

"होतीन. पण त्या बाईनं मले उद्या भरीत करायले बोलावलं हाय. खानदेशी वांगी आणून ठेवली तिनं." तिने स्वेटर पुन्हा चढवायला घेतले. "चाल, रिक्षा पाहा."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "काका हिला रोज पाढे म्हणायला लावतात. तेवीसपर्यंत आलीय. मी तीन वर्षं मागे लागले होते, बारावर अडकली होती." आणि पुढे म्हणाली, "पण तुम्ही शोधलंत, ते बरं केलंत." नाशिकला आल्यापासून तिचं मला उद्देशून आलेलं हे पहिलं प्रेमळ वाक्य.

सहकाऱ्याला नकार कळवायचं मात्र मला जड गेलं. त्याचे तीन रविवार आणि बरंचसं पेट्रोल त्या घरामागे खर्ची पडलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हंजे बिनउन्हाच्या घरातच राहणार तुम्ही?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने मान हलवली आणि दिवसभर मला नटबोल्ट एकट्याला मोजायला लावले. दुसऱ्या दिवशी आईने त्याच्यासाठी डब्यात भरीत दिलं, तेव्हा कुठे तो बोलू लागला.

एप्रिलमध्ये एकदा दुपारी काकाच आमच्या दारात आले. हातात पेपर, खांद्यावर पंचा. गॅलरीच्या फरशीवर पाय ठेववत नाही म्हणाले आणि आमच्या हॉलमध्ये, पंख्याशिवायच, गार फरशीवर आडवे झाले. मागून काकू आल्या. मेमध्ये वरच्या मजल्यावरच्या दोघी शिवणकाम घेऊन आल्या, त्यांच्यामागे त्यांची मुलं आली. आई सगळ्यांना कैरीचं पन्हं देत होती आणि चंद्रपूरचा उन्हाळा काय असतो ते सांगत होती.

अशाच एका रविवारी मी अंघोळ करून बाहेर आलो तर हॉलमध्ये नऊ माणसं झोपली होती आणि माझ्या पलंगावर मुलगी आणखी दोघींबरोबर पत्ते खेळत होती. बसायला जागा दिसेना. मी कपडे घेतले, स्वयंपाकघरात जाऊन घातले आणि बायकोला विचारलं की बाजारातून काही आणायचं आहे का. ती म्हणाली, कैऱ्या संपल्यात, आणि येताना दोन चटयासुद्धा घेऊन या.